काचेपलीकडचें बाळ

मूल जन्मास आलें कीं त्याला आईच्या कुशींत द्यावयाचें, ही गोष्ट इतकी स्वाभाविक आहे, कीं तिला शास्त्राधार शोधण्याची गरज कोणास कधीं वाटली नाहीं. आपल्या घरांतील जुनी बाळंतिणीची खोली आठवून पाहावी. खिडकीस पडदा, कोपऱ्यांत शेगडी, धुरीचा व वावडिंगाचा वास, आणि उंबऱ्यावर आजीबाईंचा कडक पहारा. बाहेरून आलेल्यानें पाय धुतल्याशिवाय आंत पाऊल टाकावयाचें नाहीं; सोयराच्या दहा दिवसांत तर घरचीं माणसेंहि हातभर दूर. या विधिनिषेधांत शहाणपण किती व रूढि किती, याचा निवाडा आज करावयाचा नाहीं. परंतु त्यांत एक गोष्ट कधीं चुकत नसे. सारें जग दाराबाहेर असलें, तरी आई आणि मूल दाराच्या आंत एकत्र असत. षष्ठीच्या रात्रीं सटवाई बाळाच्या कपाळीं लेख लिहावयास येते म्हणून सारें घर जागें राही, तेव्हांहि बाळ असे तें आईच्या पदराखालींच.

आजच्या रुग्णालयांत कित्येक मुलांच्या बाबतींत हा क्रम नेमका उलटला आहे. मूल दाराच्या आंत, आई दाराबाहेर. सातव्या-आठव्या महिन्यांत जन्मलेलें, दीड किलोहि न भरलेलें, जन्मतांच न रडलेलें किंवा श्वास घेतांना धापणारें बालक काचेच्या पेटींत ठेवावें लागतें. तें आवश्यकच असतें व त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. ज्या बालकांची आशा आमच्या आजीच्या पिढीनें पहिल्याच दिवशीं सोडली असती, तीं आज दप्तर घेऊन शाळेंत जातात, हा त्या पेटीचा व तिच्यापाशीं रात्रंदिवस उभ्या राहणाऱ्या परिचारिकांचा उपकार आहे. परंतु त्या उपकाराबरोबर एक ताटातूट येते. तिच्याविषयीं, आणि तिच्यावर निघालेल्या एका नव्या तोडग्याविषयीं, या महिन्यांत लिहावयाचें योजिलें आहे.

आमच्या पवनीसारख्या गांवीं ही ताटातूट कशी होते तें पाहा. गांवांत ग्रामीण रुग्णालय आहे. सरळ बाळंतपणें तेथें होतात. पण मूल अशक्त निघालें तर त्याला भंडाऱ्यास, आणि प्रसंग अधिक बिकट असल्यास नागपुरास न्यावें लागतें. भंडारा चाळीस-पन्नास किलोमीटर, नागपूर त्याच्या जवळजवळ दुप्पट. नुकतीच बाळंत झालेली आई, त्यांतून पोटावर शस्त्रक्रिया झाली असेल तर, त्या दिवशीं अंथरुणावरून उठूं शकत नाहीं. मग मूल १०८ च्या गाडींतून बापाबरोबर किंवा आजीबरोबर पुढें जातें, आणि आई मागें राहते. दोन-दोन, तीन-तीन दिवस तिला स्वतःचें मूल दिसतहि नाहीं. बाप कोणाकडून तरी मोबाइलवर एक छायाचित्र मिळवून तिला पाठवितो. नाकांत नळी, पायास तार, डोळ्यांवर पट्टी. तें पाहून ती अधिकच घाबरते. कारण ती पट्टी काविळीवर देतात त्या निळ्या प्रकाशापासून डोळे राखण्यासाठीं आहे, हें तिला कोणी सांगितलेलें नसतें.

या अडचणीवर अमेरिकेंतील कांहीं रुग्णालयांनीं या शतकाच्या पहिल्या दशकांत एक उपाय काढला. प्रत्येक पेटीवर एक लहानसा कॅमेरा बसवावयाचा. त्याचें चालतें चित्र इंटरनेटवरून त्याच मुलाच्या आईबापांस, आणि केवळ त्यांनाच दिलेल्या परवलीच्या शब्दानें, हव्या त्या वेळीं पाहतां यावयाचें. आर्कान्सा राज्याच्या वैद्यकीय विद्यापीठांत अशी योजना लवकर सुरू झाली. तें राज्य शेतीवाडीचें, खेडीं विखुरलेलीं आणि मोठें रुग्णालय एका शहरांत. म्हणजे बरीचशी आमच्याचसारखी स्थिति. पुढें स्कॉटलंडांत ग्लासगो येथील बालरुग्णालयांत परिचारिका मुलांच्या छोट्या चित्रफिती काढून आईबापांकडे पाठवूं लागल्या. २०२० सालीं कोरोनाच्या सांथींत जगभर अनेक रुग्णालयांनीं आईबापांच्या येण्यावरहि निर्बंध घातले, तेव्हां या सोयीचें मोल पुष्कळांस प्रथमच कळलें. आपल्याकडे जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत ही सोय अद्याप सर्वत्र पोंचलेली नाहीं. परंतु मोबाइल आज बहुतेक घरीं आहे. तेव्हां ती पोंचण्यास आकाशपाताळ एक करावें लागेल, असेंहि नाहीं.

अशा चित्राचा उपयोग काय? पहिला उपयोग दुधाचा. आईच्या स्तनांत दूध तयार असणें निराळें आणि पान्हा फुटणें निराळें. पान्हा हा मनाच्या आज्ञेंत असतो. मुलाचें रडणें ऐकलें, त्याचें तोंड पाहिलें, नुसती त्याची आठवण झाली, तरी मेंदूंतून ऑक्सिटोसिन नांवाचें द्रव्य रक्तांत उतरतें व दूध वाहूं लागतें. भय व दुःख यांनीं तोच पान्हा आटतो. अपुऱ्या दिवसांच्या मुलास आईच्या दुधासारखें दुसरें औषध नाहीं. विशेषतः पहिल्या दिवसांचा चीक. म्हणून पवनीस पडून असलेल्या आईनें भंडाऱ्याच्या मुलाकडे पाहत दूध काढलें, तर तें अधिक सुटण्याची आशा असते. दुसरा उपयोग मनाचा. न दिसणाऱ्या गोष्टीविषयीं मन नेहमीं वाईटच कल्पितें. मूल श्वास घेत आहे, हात हालवीत आहे, जांभई देत आहे, एवढें दिसलें तरी रात्रीची झोंप लागते. तिसरा उपयोग घरच्यांचा. दूरच्या गांवीं असलेली आजी आणि घरीं ठेवलेला थोरला भाऊ, यांनाहि आपल्या घरांत कोणी नवें आलें आहे, हें त्यामुळें खरें वाटूं लागतें.

इथवर सारें चांगलें आहे. परंतु एक दृष्टान्त द्यावयाचा मोह आंवरत नाहीं. वासरूं दगावलेली गाय दूध देईनाशी झाली, म्हणजे गवळी त्या वासराच्या कातड्यांत पेंढा भरून तें तिच्यापुढें उभें करितात. गाय तें चाटते, पान्हवते, आणि दूध निघतें. गवळ्याचें काम होतें. पण वासरूं तेथें नसतें. कॅमेऱ्याच्या चित्राची गोष्ट इतकी निष्ठुर खचित नव्हे, कारण येथें मूल खरोखरच जिवंत आहे. परंतु चित्रानें आईचें समाधान झालें म्हणून मुलाचीहि गरज भागली, असा हिशेब कोणी मांडूं लागेल, तर त्याला हा पेंढा आठवून द्यावा.

कारण कॅमेऱ्याचें दर्शन एकतर्फी आहे. आईला मूल दिसतें. मुलाला आई मिळत नाहीं. नवजात बालकाची दृष्टि वीतभरापलीकडे फारशी पोंचत नाहीं. स्तनापाशीं असतांना आईचा चेहरा जितका दूर असतो, तेवढीच काय ती त्याची सृष्टि. पण त्याचे कान जन्मापूर्वींच जागे झालेले असतात, आणि आईचा आवाज तें इतर आवाजांतून निवडून ओळखतें, हें १९८० सालीं अमेरिकेंतील दोघां मानसशास्त्रज्ञांनीं प्रयोगानें दाखविलें. तिच्या दुधाचा वास त्याला कळतो. तिच्या अंगाची ऊब त्याला पेटीच्या उबेपेक्षां उणी नाहीं. वास व ऊब या गोष्टी तारेवरून जात नाहींत.

हा प्रश्न कॅमेऱ्यामुळें नवा उद्भवलेला नाहीं. पेटीच्या जन्मापासूनच तो तिच्याबरोबर आहे. पॅरिसच्या प्रसूतिगृहांत स्तेफान तार्निए यांनीं १८८० च्या सुमारास पहिल्या पेट्या बसविल्या. कोंबडीचीं अंडीं उबविण्याचें यंत्र पाहून त्यांना ती कल्पना सुचली होती. त्यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांच्या मात्र लवकरच ध्यानांत आलें, कीं मूल वांचतें पण त्याची आई परकी होत जाते. जिनें मुलाची कोणतीच सेवा केली नाहीं, अशी एखादी आई त्याला न्यावयासहि येईनाशी होते. म्हणून त्यांनीं आयांना जवळ येऊं द्यावें, काचेंतून पाहूं द्यावें, अंगावर पाजूं द्यावें, असा आग्रह धरला. त्या काळची काच ती आजचा कॅमेरा. परंतु ब्युदँ काचेवर थांबले नाहींत. आईला त्यांनीं मुलाची दाई केलें. पुढें अमेरिकेंत मार्टिन कूनी यांनीं हींच मुलें काचेआड ठेवून तिकिटावर लोकांस दाखविलीं, आणि न्यूयॉर्कजवळच्या कोनी बेटावर १९०३ पासून १९४३ पर्यंत त्या प्रदर्शनाच्या उत्पन्नावर त्यांचा सांभाळ केला. त्यांतलीं हजारों मुलें वांचलीं, हें खरें. तथापि काचेंतून पाहणारा वाटसरू असतो आणि कुशींत घेणारी आई असते, हा भेद राहिलाच. त्यानंतर जंतुसंसर्गाच्या भयानें पाश्चात्त्य रुग्णालयांचीं दारें आईला कित्येक दशकें बंद राहिलीं. १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड येथें कांहीं वैद्यांनीं धीर करून तीं उघडलीं, तेव्हां भाकीत केलेली सांथ कांहीं आली नाहीं.

१९७८ सालीं दक्षिण अमेरिकेंत, कोलंबियाच्या बोगोटा शहरीं, एडगर रे यांच्या रुग्णालयांत पेट्या थोड्या व मुलें फार, असा प्रसंग होता. त्यांनीं कमी वजनाचीं मुलें उघड्या अंगानें आईच्या छातीशीं बांधलीं. कांगारू जसें पिलूं पोटाच्या पिशवींत वागवितें तसें. म्हणून तिला कांगारू पद्धति असें नांव पडलें. गरिबीनें सुचविलेला हा उपाय पुढें श्रीमंतांच्या उपायांहून सरस ठरला. घाना, भारत, मलावी, नायजेरिया व टांझानिया या पांच देशांत जागतिक आरोग्य संघटनेनें एक मोठा प्रयोग केला. आपल्याकडील भाग दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयांत झाला. एक किलोपासून सुमारें पावणेदोन किलोपर्यंत वजनाचीं तीन हजारांवर मुलें त्यांत होतीं. निम्म्या मुलांना जन्मतांच आईजवळ, त्याच अतिदक्षता दालनांत, तासन् तास छातीशीं ठेवलें. बाकीच्यांना स्थिर झाल्यावर, म्हणजे नेहमींच्या रीतीनें. २०२१ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. पहिल्या २८ दिवसांत नेहमींच्या रीतीच्या मुलांपैकीं शेंकडा १५.७ दगावलीं होतीं, आणि आईपाशीं ठेवलेल्यांपैकीं शेंकडा १२. जंतुसंसर्गाचा संशयहि आईपाशीं असलेल्या मुलांतच कमी आला. ज्या भयानें आईला दाराबाहेर ठेवलें, तें भय या आंकड्यांपुढें टिकत नाहीं.

आतां आमच्या जिल्ह्याच्या एका दुःखाचा उल्लेख केल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. ९ जानेवारी २०२१ रोजीं, मध्यरात्र उलटून गेल्यावर, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयांतील नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षांत आग लागली. तेथें त्या वेळीं १७ बालकें होतीं. सात वांचविलीं गेलीं. दहा गेलीं, कांहीं भाजून, कांहीं धुरानें गुदमरून. जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांतून विश्वासानें आणून ठेवलेलीं तीं मुलें होतीं. चौकश्या झाल्या, आर्थिक साहाय्य जाहीर झालें, देशभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची चर्चा झाली. त्यानंतर १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्रीं झांशीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अशाच कक्षांत आग लागून पुनः दहा नवजात बालकें त्या रात्रीं दगावलीं. यावरून त्या चर्चेचें फलित काय झालें, तें वाचकांनींच ताडावें.

पेटीवर कॅमेरा असता तर भंडाऱ्याचीं मुलें वांचलीं असतीं, असें आम्ही म्हणत नाहीं. मध्यरात्रीं पवनीस पडद्यावर धूर पाहणारी आई भंडाऱ्याचें दार कसें उघडणार? धुराची सूचना देणारें यंत्र, तारांची वेळच्या वेळीं तपासणी, बाहेर पडण्याची मोकळी वाट, आणि कक्षांत क्षणभरहि न हालणारें जागें माणूस, या चार गोष्टींची जागा कोणताहि कॅमेरा घेऊं शकत नाहीं. पण त्या रात्रीनें एक गोष्ट शिकविली. जें दालन घरच्यांच्या नजरेआड असतें, त्यांतील उणीव दुर्घटना होईपर्यंत कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. आई जेथें दिवसांतून दहा वेळां ये-जा करिते, तेथें उघडी पडलेली तार, बंद पडलेला पंखा, एकाच परिचारिकेच्या माथीं पडलेलीं बारा मुलें, हें सारें कोणास तरी दिसतें, आणि कोणी तरी बोलतें. जुन्या घरांत षष्ठीच्या रात्रीं जो जागर होई, त्याचा इत्यर्थ हाच कीं दुबळ्या जिवापाशीं आपल्यांतलें कोणी तरी जागें असावें. तो जागर रुग्णालयांतहि चालू राहिला पाहिजे. आणि त्याचा पहिला मान आईचा आहे.

ही गोष्ट आपल्या देशांत अशक्य नाहीं. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयांत आईबापांना हात धुण्यापासून मूल पुसणें, नळीनें दूध भरविणें, धोक्याचीं लक्षणें ओळखणें येथवर शिकवून आजारी मुलाच्या शुश्रूषेंत सामील करून घेण्यांत आलें, आणि २०१७ सालीं केंद्र सरकारनें त्या पद्धतीची मार्गदर्शिका सर्व राज्यांकरितां काढली. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं आईच्या दुधाची पेढी काढली. आशियांतील ती पहिली. आणि दूर कशास जावें? आमच्या पवनीवरून वाहणारी वैनगंगा पुढें गडचिरोली जिल्ह्यांत जाते. तेथें डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतल्याच स्त्रियांस शिकवून ३९ गांवांत नवजात बालकांची घरच्या घरीं निगा राखून दाखविली. अशा बालकांचे मृत्यु शेंकडा ६२ नीं घटले, हा निष्कर्ष १९९९ सालीं लंडनच्या 'लॅन्सेट' पत्रांत प्रसिद्ध झाला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरीं ठरलेल्या दिवशीं येऊन मुलाचें वजन करितात, त्या पद्धतीचें मूळ त्या कामांत आहे. शिकविलें तर साधी खेडवळ बाई काय करूं शकते, याचा हा पुरावा नदीच्या एकाच धारेवर आहे.

मग कॅमेरा नको का? नको असें नव्हे; तो जरूर असावा, पण कोणासाठीं व कोठवर, हें ठरवून असावा. ज्या आईला अंतर, अंथरूण किंवा स्वतःचें दुखणें आड येतें, तिच्यासाठीं तो असावा. ती उठून येऊं शकतांच तिला दार उघडें असावें, आणि रुग्णालयांत तिच्या निजण्याची, जेवणाची व दूध काढण्याची सोय असावी. कॅमेरा बसविला म्हणून तिच्यासाठीं ठेवलेल्या खाटा काढून टाकल्या, असें होतां कामा नये. खर्चाची निवड करण्याची पाळी आलीच, तर पहिला रुपया धुराच्या सूचकास, दुसरा आईच्या खाटेस, आणि तिसरा कॅमेऱ्यास, असा आमचा क्रम आहे.

ज्या घरावर असा प्रसंग येईल, त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. मूल भरती करतांनाच विचारावें: आई केव्हां भेटूं शकेल, छातीशीं केव्हां धरूं शकेल, काढलेलें दूध कोणत्या भांड्यांत व किती वेळांत पोंचवावें, रात्रीं कक्षांत कोण असतें. हे प्रश्न उद्धटपणाचे नव्हत; सौम्य शब्दांत विचारले तर चांगल्या परिचारिकेस ते आवडतात. सरकारी रुग्णालयांत आजारी नवजात बालकाचे उपचार व त्याची ने-आण २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखालीं मोफत आहेत, हेंहि ध्यानांत ठेवावें. कॅमेऱ्याची किंवा चित्रफितीची सोय असेल, तर प्रथम डॉक्टरांकडून त्या नळ्या-तारांचा अर्थ समजून घ्यावा आणि मग पाहावें. सुई टोंचतांना किंवा तपासतांना कॅमेरा वळविला जातो. त्याचा भलता अर्थ करूं नये. मूल जरा हाललें कीं दूरध्वनि करून परिचारिकेस हैराण करूं नये, कारण ती आपल्याशीं बोलत असतां तेवढा वेळ कोणाच्या तरी मुलापासून दूर असते.

आणखी एक. परवलीचा शब्द आईबापांपुरताच असूं द्यावा. आमच्या आज्या तान्ह्या मुलास दृष्ट लागेल म्हणून बाहेरच्यांस दाखवीत नसत, आणि आम्ही शिकलेलीं माणसें त्यांना हंसत असूं. परंतु उघड्या अंगाचें, नळ्या लावलेलें, दुबळें मूल नात्यागोत्याच्या प्रत्येक मोबाइलवर फिरवूं नये, याला दृष्टीचें कारण नसलें तरी मर्यादेचें कारण आहे. तें मूल मोठें होणार आहे. त्याच्या पहिल्या संकटाचें चित्र कोणीं पाहावें, हें ठरविण्याचा अधिकार तोंवर आईबापांकडे ठेव म्हणून आहे.

घरांतील वडील स्त्रियांसहि एक विनंति आहे. सुनेचा अशक्तपणा पाहून, 'मूल डॉक्टरांच्या स्वाधीन आहे, तूं तिकडे जाऊन काय करणार?' असें मायेनें म्हणण्याची पद्धति आहे. तिला जाऊं द्या. नव्हे, स्वतः तिला घेऊन जा. सव्वा महिना घराबाहेर पडावयाचें नाहीं, हा नियम आईमुलाच्या रक्षणासाठीं झाला होता. तो त्यांची ताटातूट लांबविण्याकडे खर्चीं पडूं नये. पहिले दोन दिवस ती पडद्यावर मूल पाहील, तें योग्यच आहे. तिसऱ्या दिवशीं तिला उठवतें आहे असें दिसतांच गाडी सांगावी, बरोबर शिदोरी द्यावी, आणि तिला भंडाऱ्यास पोंचवावी.